आधी लोडचा आलेख, मग सर्व्हरची जागा

मंडळी, सर्व्हर स्वतःचा घ्यावा की क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या यंत्रांवर, जावं, हे ठरवताना बहुतेक जण आधी दर विचारतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी लोड बघा, म्हणजे यंत्रावर कामाचा ताण कधी आणि किती येतो ते. दहावीच्या निकालाचं संकेतस्थळ घ्या. दुपारी एकला लोंढा येतो, एकदोन दिवसांत ओसरतो आणि पुढे वर्षभर शुकशुकाट. तेवढ्यासाठी रॅकभर यंत्रं विकत घेऊन ठेवायची नसतात; ती क्लाउडवर भाड्याने घ्यावीत. याउलट तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याचं ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बाराही महिने सारखंच चालतं. तिथे पाच वर्षं तासाचं भाडं मोजण्यापेक्षा स्वतःचं यंत्र बहुधा स्वस्त पडतं.

फक्त कार्यालयीन वेळेत लागणारं काम या दोन्हींच्या मधलं. महिन्याचे साधारण ७३० तास असतात, त्यांतले रोज १० तास धरून २२ दिवसांचे २२० झाले. एरवी यंत्र आपोआप बंद होईल असं वेळापत्रक लावलं, तर तासांवर आकारलेलं महिन्याचं भाडं तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतं. मात्र यंत्र बंद असलं तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं. डेटा आत टाकणं सहसा फुकट असतं, बाहेर काढायला पैसे पडतात.

म्हणून निदान महिनाभर दर पाच मिनिटांनी सीपीयू, मेमरी आणि डिस्कचे आयओपीएस (सेकंदाला किती वेळा वाचन-लेखन होतं तो आकडा) नोंदवा. महिनाअखेर त्यात आलीच पाहिजे. सरासरीवर जाऊ नका, यंत्र दमतं ते गर्दीच्या तासाला.

आता स्वतःची खोली. ४०० वॅट ओढणारा एक सर्व्हर वर्षाला ३,५०४ युनिट वीज खातो, एसीची वीज वेगळी. खरी गोम पुढेच आहे. वीज गेली की सर्व्हर यूपीएसवर तग धरतात, पण एसी सहसा यूपीएसवर नसतो. जनरेटर सुरू होतो, एसीला मात्र ऑटो रिस्टार्ट (वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय) नसेल तर तो बंदच राहतो. रविवारची रात्र, खोलीला कुलूप, आत सर्व्हरची उष्णता कोंडलेली. सर्व्हरच्या तोंडाशी हवा २७ अंशांच्या आत हवी, ती चाळिशीकडे जाते. आधी पंखे किंचाळतात, मग यंत्रं स्वतःहून बंद पडतात. बॅटऱ्याही उष्णतेने लवकर मरतात: तापमान दहाएक अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. तापमानाचा सेन्सर आणि मोबाइलवर एसएमएस, एवढी सोय पहिल्या दिवसापासून असू द्या.

क्लाउडवर गेलात म्हणून बॅकअपची जबाबदारी टळत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यापैकी काहींचा डेटा कायमचा गेला. दुसरी प्रत दुसऱ्या शहरात हवी. आणि ती परत आणायला लागणारा वेळ आधीच मोजा: १ टेराबाइट डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून, लाइन पूर्ण वेगाने चालली तरी, उतरायला २२ तास लागतात. बिलिंग २२ तास बंद ठेवणं परवडणार नसेल, तर त्या डेटाची एक प्रत कार्यालयातल्या डिस्कवर ठेवावीच लागेल, मुख्य सर्व्हर कुठेही असो.