हाताला कळणारे सुकाणू

(दृश्य : दाभोळ, वासिष्ठी खाडीचे मुख. यांत्रिक लाकडी होडी, पिछाडीला उभा असलेला तांडेल, म्हणजे होडी चालवणारा.)

होडीच्या पिछाडीला, तिला पाण्यात पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या लगेच मागे, पाण्याखाली उभी असलेली फळी म्हणजे सुकाणू. होडी चालवणाऱ्याला ते दिसत नाही, आणि खाडीच्या गढूळ पाण्यात वाकून पाहिले तरी दिसणार नाही. असे असूनही होडी हलण्याआधी ते कोणत्या बाजूला आणि किती वळलेले आहे हे त्याला ठाऊक असावे लागते. धक्क्याला बांधलेले दोर सोडून इंजिनाला रेस दिली, की पंख्याने मागे फेकलेले पाणी थेट सुकाणूवर आदळते, आणि होडीने पुढे वेग घेण्याआधीच तिची पिछाडी एका बाजूला ढकलली जाते. सुकाणू मध्यावर आहे असे गृहीत धरले आणि प्रत्यक्षात ते टोकाला वळलेले निघाले, तर शेजारच्या होडीची फळी किंवा धक्क्याचा दगड फार दूर नसतो.

सुकाणूला थेट दांडा बसवलेला असेल, तर हा प्रश्न निम्मा सुटलेला असतो. दांडा आणि सुकाणू एकाच उभ्या खांबाला जोडलेले असल्यामुळे दांडा जितका डावीकडे, तितके सुकाणू उजवीकडे, आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, तेही उजवीकडे. नवशिक्याला ही उलट चाल काही दिवस गोंधळात टाकते. पुढे त्याचा विचारच करावा लागत नाही, कारण कोपर शरीरापासून किती लांब गेले आहे, दांडा मांडीला कुठे टेकला आहे, यावरून कोन आपोआप कळतो. दोन्ही हात जाळ्यात गुंतलेले असताना तांडेल दांडा पायाने धरतो, तेव्हाही हे ज्ञान हरवत नाही.

(दृश्य : दांड्यावरचा हात, जवळून.)

मात्र हाताला कोन कळतो तसा दाबही कळतो, आणि खरी माहिती दाबात असते. सुकाणूवर पडणारा पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाण्यातील वेग दुप्पट झाला तर त्याच कोनाला जोर सुमारे चौपट होतो. कोन लहान असताना जोर कोनाबरोबर वाढत जातो. साधारण ३५ अंशांच्या पुढे मात्र पाणी फळीच्या पाठीला चिकटून वाहणे सोडते, भोवरे उठतात, आणि सुकाणू वळवण्यापेक्षा होडीला अडवण्याचेच काम अधिक करू लागते. मोठ्या जहाजांच्या सुकाणूची मर्यादाही सामान्यतः ३५ अंशांवर ठेवलेली असते, ती याच कारणाने. दांडा पूर्ण टोकाला नेऊन होडी वळत का नाही म्हणून चिडणाऱ्या माणसाने तो थोडा मागे आणला, तर ती बरेचदा अधिक चांगली वळते.

आता मध्याविषयी. होडीच्या आराखड्यात मध्य म्हणजे सुकाणू कण्याच्या, म्हणजे तळाच्या मधल्या लांब लाकडाच्या, रेषेत असणे. होडीचा मध्य म्हणजे ज्या स्थितीत ती सरळ जाते ती स्थिती. एका पंख्याच्या होडीत हे दोन मध्य सहसा एक नसतात. मागून पाहिले असता पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर पुढे जाताना तो पिछाडीला किंचित उजवीकडे ओढतो, नाळ डावीकडे सरकू पाहते आणि सुकाणू थोडेसे उजवीकडे धरून ठेवावे लागते. शिवाय पंख्यामागचे पाणी पिळत येत असल्यामुळे ते सुकाणूच्या वरच्या आणि खालच्या भागावर सारखे पडत नाही. म्हणून अनुभवी माणसाच्या हाताला ‘सरळ’ ही ओढ नसल्याची जाणीव नसते. ती एका विशिष्ट, ओळखीच्या ओढीची जाणीव असते. रेस वाढली की ती ओढ वाढते, आणि इंजिन न्यूट्रलला टाकले की दांडा एकदम सैल पडतो. त्या सैलपणाचा अर्थ सुकाणू मध्यावर आले असा नसतो. पाणी त्याच्यावर पडेनासे झाले, इतकाच तो असतो.

सुकाणूला काठ, धक्का किंवा झाडे दिसत नाहीत. त्याला फक्त स्वतःवरून वाहणारे पाणी कळते. ओहोटीच्या प्रवाहाबरोबर खाली येणारी होडी काठाकडे पाहता भरधाव वाटते; तांडेल नवखा असेल तर तो घाबरून रेस कमी करतो, आणि नेमक्या त्या क्षणी दांडा निर्जीव होतो, कारण काठाच्या हिशेबाने वेग मोठा असला तरी पाण्याच्या हिशेबाने होडी जवळजवळ उभीच असते. उलट दिशेने, प्रवाहाला तोंड देऊन येताना ती धक्क्याच्या हिशेबाने जेमतेम सरकत असते आणि सुकाणू मात्र पूर्ण जिवंत असते. शक्य असेल तेव्हा प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करूनच धक्क्याला लागावे, हा नियम यातूनच आलेला आहे.

(दृश्य : खाडीचे मुख, मागून येणाऱ्या लाटा.)

हीच गोष्ट खाडीच्या मुखाशी अधिक कठोर होते. दाभोळला वासिष्ठी, बाणकोटला सावित्री, रेवदंड्याला कुंडलिका समुद्राला मिळते. अशा मुखाशी वाळू साचून पाणी उथळ झाले असेल आणि ओहोटीचा प्रवाह समुद्राकडून येणाऱ्या लाटांना सामोरा जात असेल, तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. आत येणाऱ्या होडीला लाट मागून गाठते. लाटेच्या माथ्यावरचे पाणी लाटेच्याच दिशेने, म्हणजे होडीच्याच दिशेने सरकत असते. त्यामुळे माथा पिछाडीखाली आला की सुकाणूवरून वाहणारे पाणी घटते आणि दांडा हलका लागतो. नेमक्या त्याच वेळी लाटेने पिछाडी उचललेली असते, नाळ खाली दबलेली असते आणि होडी आडवी फिरू पाहते. म्हणजे सुकाणूची गरज सर्वांत अधिक असते तेव्हाच ते सर्वांत दुबळे असते. जाणता तांडेल म्हणून माथ्यावर पोहोचल्यावर वळवत नाही. लाट पिछाडी उचलू लागते आणि दांड्यात अजून वजन असते, तेव्हाच तो होडी सरळ करून घेतो, आणि दांडा हलका पडू लागताच रेस वाढवून पंख्याचे पाणी सुकाणूवर पाडतो.

(दृश्य : केबिन असलेली लाँच. चाक.)

चाक आले की हाताचे हे ज्ञान बरेचसे तुटते. तारेच्या किंवा साखळीच्या जोडणीत दाब काही प्रमाणात हातापर्यंत पोहोचतो, पण तार सैल झाली असेल तर चाक काही अंतर फुकट फिरते आणि तेवढ्या अंतरात सुकाणू हलतच नाही. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जोडणीत तर परत येणारा दाब झडपा रोखून धरतात. चाक सोडले तरी सुकाणू जिथे आहे तिथेच राहते, आणि हाताला काहीही सांगत नाही. सोय म्हणून ही व्यवस्था उत्तम आहे, पण लहान होडीवर या सोयीसाठी मोजावी लागणारी किंमत कमी लेखली जाते, असे आमचे मत आहे.

अशा चाकावर मोजणीचा आधार घ्यावा लागतो. चाक एका बाजूला अटकेपर्यंत, म्हणजे ते पुढे फिरेनासे होईपर्यंत, हलकेच न्यायचे, तिथून दुसऱ्या अटकेपर्यंतचे फेरे मोजायचे, आणि निम्मे परत यायचे. एकूण चार फेरे असतील तर दोन फेऱ्यांवर मध्य. सुकाणू मध्यावर असताना चाकाचा जो आरा सरळ वर उभा राहतो, त्याला दोरीची गाठ बांधण्याची जगभरातील खलाशांची जुनी रीत आहे. अंधारात बोटे ती गाठ शोधतात आणि डोळे समोरच्या पाण्यावर राहतात. तेलाच्या चाकावर मात्र या गाठीवर डोळे झाकून विसंबता येत नाही. पंपातून थोडे थोडे तेल निसटत राहते आणि चाक व सुकाणू यांचा मेळ हळूहळू सरकतो. सकाळी वर असलेली गाठ संध्याकाळी बाजूला असू शकते. म्हणून दोर सोडण्याआधी अटकेपासून अटकेपर्यंतची मोजणी पुन्हा करावी लागते. चाक लिबलिबीत लागत असेल, तर नळीत हवा शिरली आहे असे समजावे.

सुकाणूचा कोन दाखवणारा काटाही मिळतो, आणि तो बसवू नये असे कोणी म्हणणार नाही. पण खाऱ्या हवेत विजेच्या जोडण्या गंजतात, आणि काटा कोन दाखवतो, दाब दाखवत नाही. पिछाडीला आऊटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगलेले इंजिन, लावलेल्या होडीत तर वेगळे सुकाणूच नसते. इंजिनच वळते, मान मागे वळवली की त्याची दिशा दिसते, आणि इंजिन न्यूट्रलला असताना वळण्याची शक्ती जवळपास शून्य असते.

(दृश्य : धक्क्याजवळ मागे घेतली जाणारी होडी.)

रिव्हर्सचा प्रकार वेगळा आहे. मागे जाताना पंख्याचे पाणी पुढे फेकले जाते, त्यामुळे सुकाणूवर ते पडत नाही, आणि सुकाणूची मागची कड आता पाणी कापू लागते. फळी थोडीशी जरी वळलेली असली तरी पाणी तिला धरून टोकाकडे फेकते. दांडा अचानक जोराने फिरतो आणि मध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या बरगड्यांना लागू शकतो. म्हणून रिव्हर्स टाकण्याआधी दांडा मध्यावर आणून घट्ट धरायचा, आणि त्याच्या फिरण्याच्या वाटेत कोणी उभे राहायचे नाही.

(दृश्य : किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, पाऊस.)

१ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी सुरू होते आणि होड्या किनाऱ्यावर चढवल्या जातात. एरवी न दिसणारे सुकाणू या दिवसांत डोळ्यांसमोर येते. फळी हाताने दोन्ही बाजूंना हलवून पाहिली, की बिजागऱ्या आणि खांबाच्या बुशी, म्हणजे खांब ज्यात फिरतो ती कडी, किती झिजल्या आहेत ते कळते, आणि हंगामाच्या अखेरीस दांड्यात जाणवणारी ढिलाई कुठून येत होती हेही कळते. दांडा किंवा चाक एकाने धरायचे, दुसऱ्याने मागे उभे राहून फळी कण्याच्या रेषेत आली की आवाज द्यायचा. बुशी बदलल्या किंवा तार आवळली, की चाकावरची जुनी गाठ सोडून नव्या मध्यावर बांधावी लागते, आणि होडी पुन्हा पाण्यात उतरल्यावर पहिले वळण मोकळ्या पाण्यात, इतर होड्यांपासून दूर घेतले जाते.