दहा-एकने हरलेली टीम

श्रोतेहो नमस्कार. आज बोलूया टीमवर्कवर, आणि त्यासाठी आपण जाणार आहोत थेट अंतराळात. स्टार ट्रेक डीप स्पेस नाइन नावाची अमेरिकन मालिका होती, १९९३ ते १९९९, तिचा ऑक्टोबर १९९८ मधला एक एपिसोड जवळजवळ अख्खा बेसबॉलवर आहे. बेसबॉल कळत नसेल तरी बिघडत नाही, बॅट, बॉल, रन, आऊट एवढं आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

तर कॅप्टन सिस्को हा एका अंतराळ स्थानकाचा प्रमुख, आणि तिथे येतो सोलॉक, त्याचा अंतराळ दलाच्या अकॅडमीत शिकत असल्यापासूनचा वैरी. सोलॉक व्हल्कन आहे, म्हणजे परग्रहावरचे, भावनेला थारा न देणारे, माणसाच्या तिप्पट ताकदीचे लोक, त्याने तरुणपणी सिस्कोला कुस्तीत लोळवलेलं आणि पुढे त्याच कुस्तीवर लेखांवर लेख लिहिलेले. हाच आता बेसबॉलचं आव्हान देतो आणि सिस्को लगेच हो म्हणतो. टीममधल्या बहुतेकांनी बॅट कधी हातात धरलेली नाही आणि वेळ फक्त दोन आठवडे.

त्यात रॉम, स्थानकावरचा तंत्रज्ञ. रॉम सगळ्यात कच्चा, बॉल एकीकडे आणि बॅट भलतीकडे, पण खेळायची हौस केवढी, कारण मुलगा नॉगसुद्धा टीममध्ये आहे. (रॉमचं काम करणारा मॅक्स ग्रोडेन्चिक खरा चांगला खेळणारा होता बरं का, वाईट दिसावं म्हणून तो डाव्या हाताने खेळला.) सिस्को वैतागतो आणि सगळ्यांसमोर रॉमला टीममधून काढून टाकतो. बाकीचे चिडतात, आम्हीही सोडतो म्हणतात, तर रॉमच त्यांना समजावतो की नका सोडू, तुम्ही खेळा, मी बघायला येईन.

आता इथे नीट ऐका. वैर सिस्कोचं होतं, टीमचं नव्हतं. परत सांगतो, वैर कोचचं होतं, खेळणाऱ्यांचं नव्हतं. जॉन निकोल्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने फरक सांगितलाय की काही जण दुसऱ्यापेक्षा वरचढ ठरायला खेळतात आणि काही जण आपलं काम कालच्यापेक्षा चांगलं व्हावं म्हणून. पहिल्या प्रकारात हरलं की हातात काहीच उरत नाही, आणि सिस्कोने अख्खी टीम त्यातच ओढली होती. आपल्याकडे शाळेच्या मॅचला बाऊंड्रीपाशी उभे राहून ओरडणारे पालक असतात ना, तेही हेच करतात, आणि मला तर वाटतं की पीटीचा तास गणिताला देणाऱ्या शाळांनी आधी तो तास परत द्यावा, मुलं हरायला शिकणार कुठे मग? असो.

मॅच सुरू होते आणि व्हल्कन धुऊन काढतात. सिस्को अंपायरशी हुज्जत घालतो, रागात त्याला बोट लावतो, अंपायर त्याला मैदानाबाहेर काढतो. आणि कॅप्टन साहेब जाऊन बसतात कुठे, तर प्रेक्षकांत, रॉमच्या शेजारी! रॉम तिथे बसून टीमसाठी घसा फोडतोय, ज्या टीमने, म्हणजे ह्याच माणसाने, त्याला काढलं त्याच टीमसाठी. ते बघून सिस्कोचा चेहरा बदलतो. शेवटच्या इनिंगमध्ये दहा-शून्य असताना तो रॉमला म्हणतो, जा, बॅटिंगला जा. नॉग तिसऱ्या बेसवर, म्हणजे रन पूर्ण व्हायच्या आधीच्या शेवटच्या थांब्यावर उभा. रॉम दोनदा हुकतो, टीमवाले कसं खेळायचं त्याच्या खुणा करतायत त्या त्याला कळेनात, तो गोंधळून बघतोय तेवढ्यात बॉल येऊन आपोआप बॅटला लागतो, आणि नॉग पळत सुटतो आणि रन! एक रन! सगळे मैदानात धावत येऊन जल्लोष करतात, जिंकल्यासारखे.

दहा-एकने हरले. पण टीम झाली ती त्या एका रनला, कारण ती रन सगळ्यांची होती, सिस्कोच्या हिशोबाची नव्हती.

नंतर पार्टीत सोलॉक येऊन तोंड वाकडं करतो की नसलेला विजय तुम्ही बनवताय, आणि ही मंडळी त्याच बनवलेल्या विजयाच्या नावाने ग्लास उंचावतात, तो उभाच राहतो बिचारा.

एपिसोड पाऊण तासाचाच आहे, मुलांसोबत बघा, शाळेच्या कोचलाही दाखवा. नमस्कार.