राजापूरचे खासदार मधु दंडवते

१९७१ साल. बॅरिस्टर नाथ पै यांच्या अकाली निधनाने राजापूर मतदारसंघ पोरका झाला होता. त्यांच्या जागी उभे राहिले मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे समाजवादी प्राध्यापक, मधु दंडवते. जन्म अहमदनगरचा, पण कोकणाने त्यांना आपलं मानलं आणि सलग पाच वेळा लोकसभेवर पाठवलं. १९८४ च्या काँग्रेस लाटेत देशभर भलेभले विरोधक वाहून गेले, तेव्हाही राजापूर हललं नाही.

या वीस वर्षांतला बहुतेक काळ दंडवते विरोधी बाकांवरच होते. २६ जून १९७५ च्या सकाळी संसदीय समितीच्या कामासाठी ते बंगळूरमध्ये होते. वाजपेयी आणि अडवाणी यांच्यासोबत तिथेच त्यांना अटक झाली. ते बंगळूरच्या तुरुंगात, तर पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. आणीबाणीत या दोघांचा संसार पत्रांवर चालला.

१९७७ मध्ये जनता सरकार आलं आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या स्लीपर डब्यात झोपायला नुसत्या लाकडी फळ्या असायच्या. दोन रात्रींचा प्रवास म्हणजे पाठीचे हालच. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला लावला. बर्थवरची ती पातळ गादी रेल्वेत कायमची आली; लाखो माणसांच्या अंगाला रोज लागणारा इतका थेट निर्णय दुसऱ्या कुठल्या मंत्र्याचा सांगता येईल? त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस धावू लागली. तिला पहिला वर्गच ठेवला नव्हता. १९७४ च्या संपात नोकरी गमावलेल्या रेल्वे कामगारांनाही त्यांनी कामावर परत घेतलं.

राहिली होती कोकण रेल्वे. नाथ पैंपासूनची मागणी, पण पैशापाशी येऊन अडायची. १९८९ च्या अखेरीस दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. दोघांनी मिळून वेगळी वाट काढली: स्वतंत्र महामंडळ, त्यात केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ यांचा वाटा, आणि उरलेला पैसा रोख्यांतून. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं. सरकार मात्र वर्षभरही टिकलं नाही.

१९९१ च्या निवडणुकीत राजापुरात दंडवत्यांचा पराभव झाला. मार्गाचं काम चालूच राहिलं आणि २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूर गाड्या धावू लागल्या. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याला आता घाटातल्या एसटीशिवाय दुसरा पर्याय मिळाला होता.

१२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत दंडवत्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला.