ड्रेनेज आधी, इमारत नंतर

नमस्कार श्रोतेहो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत, गुइलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागोमाग एक सापडू लागले. हातापायांतली ताकद गेली, काहींना व्हेंटिलेटर लावावा लागला. रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली, काही माणसे दगावली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून तो पोटात जातो आणि त्याच्या संसर्गानंतर हा आजार उद्भवू शकतो. त्या दिवसांत विहिरींची, टँकरची, क्लोरीनची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. घरातून बाहेर जाणाऱ्या पाण्याचे काय होते, हा प्रश्न मात्र मागे पडला. आज त्याविषयीच बोलणार आहे.

धायरी २०१७ साली पुणे महापालिकेत आली, नांदेड आणि किरकटवाडी २०२१ साली. महापालिकेची हद्द एका आदेशाने वाढते, जमिनीखालचे पाइप मात्र आदेशाने टाकले जात नाहीत. ग्रामपंचायतीच्या काळात गावठाणापुरती टाकलेली नऊ-बारा इंची ड्रेनेज लाइन आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा मजली इमारती, हे चित्र वाढत्या गावांत सर्रास दिसते.

हिशेब करून बघा. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्यातले साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. चारशे सदनिकांची एक सोसायटी, घरात चार माणसे: रोजचे सुमारे १ लाख ७३ हजार लिटर. ही एकाच सोसायटीची गोष्ट झाली. शिवाय हे पाणी दिवसभर सारखे वाहत नाही. सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान लोंढा येतो, आणि चेंबर उफाळतात ते नेमके तेव्हाच. वर आलेला मैला ओढ्याकडे वाहतो, जमिनीत मुरतो. शेजारून पिण्याच्या पाण्याची जुनी, गळकी लाइन गेलेली असते. पाणीपुरवठा बंद झाला की तिच्यातला दाब जातो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते.

पाइपच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. उतार तोच ठेवून व्यास दुप्पट केला, तर पाइप जवळजवळ सहापट पाणी वाहून नेतो. खर्च मात्र सहापट होत नाही, कारण बराचसा पैसा खोदाईत आणि रस्ता पूर्ववत करण्यात जातो. म्हणून मुख्य वाहिनी टाकताना पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्या धरायची असते. आज हात आखडता घेतला की दहा वर्षांनी तोच रस्ता पुन्हा खोदावा लागतो. हे मला अत्यंत चीड आणणारे वाटते, कारण दोन्ही वेळचा पैसा तुमचा-आमचाच असतो.

पुण्यात जायका या जपानी सरकारी संस्थेच्या अर्थसाहाय्याने ११ नवी मैलाशुद्धीकरण केंद्रे उभारण्याचा प्रकल्प आहे, एकूण क्षमता रोज ३९६ दशलक्ष लिटर. त्याचा करार २०१६चा, म्हणजे ही गावे महापालिकेत येण्याआधीचा. केंद्रे हवीतच. पण ओढ्यात सुटलेला मैला पाइपातून केंद्रापर्यंत पोहोचलाच नाही, तर तो तसाच मुठेत जाणार, तिथून भीमेत आणि पुढे उजनीत. सोलापूरकर उजनीचे पाणी पितात.

तुंबलेल्या लाइनची सगळ्यात मोठी किंमत मोजतो तो ती मोकळी करणारा कामगार. माणसाला संरक्षक साधनांशिवाय मैल्याच्या चेंबरमध्ये उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. तरीही आत साचलेल्या विषारी वायूने माणसे मरतात. पुरेशा व्यासाची, योग्य उताराची लाइन आणि हाताशी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने लाइन मोकळी करणारे जेटिंग मशीन असेल, तर माणूस आत उतरवण्याची वेळ येत नाही.

तुमच्या भागात नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळत असेल, तर तिचे सांडपाणी कोणत्या लाइनला जोडले आहे आणि त्या लाइनची क्षमता किती, हे महापालिकेला लेखी विचारा. माहिती अधिकारात ते मिळते. सोसायटीच्या गच्चीचे पावसाचे पाणी ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेले असेल तर ते आधी तोडून पावसाळी गटाराकडे वळवा. आणि तुमचा रस्ता काँक्रीटचा होणार असेल, तर काम सुरू होण्यापूर्वीच खालची ड्रेनेज लाइन बदलून घेण्याचा आग्रह धरा. काँक्रीट पडल्यावर ती पुढची कित्येक वर्षे कोणी उकरणार नाही.

नमस्कार.