शिक्का

नागपूर, मे महिना. धरमपेठेतलं दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस. एसी ३, चालू १. कोपऱ्यातला कूलर घरून आणलाय, हे शिपाईकाका न विचारताच सांगून टाकतात.

दोन वर्षांपूर्वी इथे ११ माणसं होती. आता ४. म्युच्युअल फंडाची कंपनी खचते तेव्हा दुकानासारखं शटर ओढलं जात नाही. ऐकू येतं ते काउंटरवरचं हे शिक्क्याचं यंत्र. खट्. फॉर्मवर तारीख-वेळ उमटते. इक्विटी योजनेतून पैसे काढायचा फॉर्म तीनच्या आत पडला तर आजची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा त्या दिवसाचा भाव, नंतर पडला तर पुढची. म्हणून अडीच वाजले की जिना वाजायला लागतो. पूर्वी पैसे घालणारेही येत. आता गठ्ठा रिडेम्प्शनचा, पैसे काढून घेणाऱ्यांचा.

"माये पैसे बुडनार तं नाही ना जी?"

काउंटरवरच्या मॅडम हे दिवसातून वीसदा समजावतात. "नाही काका. शेअर कंपनीकडे नाही, ते सांभाळणाऱ्या वेगळ्या संस्थेकडे, कस्टोडियनकडे असतात, वर देखरेखीला ट्रस्टी आहेत. कंपनी विकली गेली तरी युनिटं तुमचीच. बाजार पडला तर किंमत पडेल, ते वेगळं." खरंच आहे ते. पगाराला कस्टोडियन नसतो, एवढंच त्या बोलत नाहीत.

कंपनी जगते ती जमलेल्या रकमेवरच्या टक्केवारीवर. शंभर कोटींवर दीड टक्का धरा, दीड कोटी झाले. पन्नास कोटी निघून गेले की पाऊण कोटी. भाडं मात्र अर्धं होत नाही. चांगला फंड मॅनेजर दुसरीकडे जातो, परतावा मागे पडतो आणि फंड विकणारे डिस्ट्रिब्युटर फोन उचलेनासे होतात. त्यांचंही चूक नाही. २०१८ साली बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं आगाऊ कमिशन बंद केलं. गुंतवणूक टिकेल तोवरच त्यांची कमाई. डुगडुगत्या योजनेत गिऱ्हाईक कोण आणेल?

सकाळी साडेनऊला मुंबईचा कॉल. टार्गेट जुनंच, अकरा माणसांचं.

गेल्या आठवड्यात यंत्राची रिबन संपली. मुंबईला मेल गेला, आठवणीचा मेल गेला. उत्तर आलं: खर्च सध्या थांबवलेत. तोवर शिक्के इतके फिके उमटायला लागले, की दोन वाजून पन्नास झाले की तीन वाजून पन्नास, कळेना. मग मॅडमनी लंच टाइममध्ये बर्डीचा बाजार गाठला. ४५ अंशांत, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. रिबन आणली, स्वतःच्या पैशानं. बिल ड्रॉवरमध्ये ठेवलंय.

परत आल्या तेव्हा बाकावर तिघं थांबलेले होते.

"या काका, अजून वेळ आहे."

खट्.