फुगा बंद झाला, तपासणी बाकी आहे

मंडळी, मेंदूतल्या धमनीवर आलेल्या फुग्यासाठी पूर्वी इंदूरहून थेट मुंबई गाठावी लागे. आता हे काम आपल्या गावात होतं, तेही कवटी न उघडता, जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी नेऊन. फुगा फुटलेला नसेल तर पेशंट काही दिवसांतच चालत घरी येतो. मग सहा महिन्यांनी डॉक्टर परत बोलावतात, तेव्हा घरचे म्हणतात, "काकांचं झालं की सगळं, आता कशाला परत डोक्याचे फोटो?" आज मी बोलणार आहे ते या 'कशाला'बद्दल.

गुइदो गुग्लिएल्मी यांनी विकसित केलेली प्लॅटिनमची कॉइल 1990 साली पहिल्यांदा माणसावर वापरली गेली. ही मऊ तार फुग्यात गुंडाळत भरतात. फुगा गच्च भरला असं आम्ही म्हणतो, तेव्हाही त्यातली साधारण पाव ते तिसरा हिस्सा जागाच तारेने व्यापलेली असते. उरलेल्या जागेत रक्त गोठतं, आणि फुग्याच्या तोंडावर हळूहळू नवं अस्तर धरतं. ते धरेपर्यंत प्रत्येक ठोक्याला रक्ताची धडक तिथे बसतच असते. गादीतला कापूस वापरून दबतो तशी तार दबते, आणि तोंडाशी पुन्हा पोकळी होते. कधी गुठळी विरघळते, कधी फुग्याची भिंतच आणखी ताणली जाते.

कॉइल केलेल्या साधारण पाचांतल्या एका फुग्यात असं थोडंफार उघडणं दिसतं, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना पुन्हा उपचार लागतात. घाबरू नका. उघडणं म्हणजे फुटणं नव्हे. कॉइलनंतर पुन्हा रक्तस्राव होणं विरळाच. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या 'आयसॅट' चाचणीत फुटलेल्या फुग्यांचे 2143 पेशंट होते. वर्षभराने मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलच्या गटात 23.7 टक्के, तर कवटी उघडून फुग्याच्या तोंडाशी क्लिप, म्हणजे बारीक चिमटा, लावलेल्यांत 30.6 टक्के होतं. म्हणून कॉइलचा निर्णय चुकला असं कुणी मनात आणू नये. फक्त पुन्हा उपचार करण्याची वेळ कॉइलमध्ये जास्त येते, हे आधीच माहीत असावं.

कुणाला जास्त जपायचं? दहा मिलिमीटरहून मोठा फुगा आणि चार मिलिमीटर किंवा त्याहून रुंद मान (म्हणजे फुग्याचं तोंड), ही जोडी मला सगळ्यात सतावते. रुंद तोंडातून तार बाहेर डोकावते, म्हणून ती दाबून भरता येत नाही. मेंदूच्या मागच्या बाजूला बेसिलर धमनीच्या टोकावरचा फुगाही तसाच, कारण रक्ताचा झोत सरळ त्याच्यावरच येतो. आधी फुटलेला फुगा, आत जुनी गुठळी असलेला फुगा आणि पहिल्या वेळी थोडा मोकळा राहिलेला फुगा, हेही त्याच यादीत. यातलं काहीच पेशंटच्या हातात नसतं.

सिगरेट-बिडीने कॉइल केलेला फुगा परत उघडतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. पण नवा फुगा धरण्यात आणि फुगा फुटण्यात तिचा हात पक्का आहे, रक्तदाबाचाही. तार आत धरून ठेवायला धमनीत स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवला असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून, अगदी दात काढायचा असला तरी, परस्पर बंद करू नका. आधी स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना फोन करा.

आणखी एक भीती नेहमी ऐकू येते: "डोक्यात धातू आहे, एमआरआय कसा चालेल?" प्लॅटिनमच्या कॉइलला चालतो, आणि बहुतेकांची पुढची तपासणी त्यावरच होते. जुन्या काही लोखंडी क्लिपांची गोष्ट वेगळी. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर काय बसवलंय ते लिहून घ्या आणि तो कागद तपासणीला दाखवा. पहिली तपासणी साधारण सहा महिन्यांनी, मग वर्षा-दीड वर्षाने, पुढे फुगा पाहून डॉक्टर ठरवतील. आणि घरात आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी दोघांना असा फुगा झाला असेल, तर बाकीच्यांनीही एकदा डॉक्टरांशी बोलून घ्यावं.