कुत्र्याला चघळायला काय द्यावं?

श्रोतेहो, नमस्कार.

घरात कुत्रा आहे आणि चपलेचा पट्टा शाबूत आहे, असं क्वचितच घडतं. त्यावरून त्याला रागावू नका. चावणं, कुरतडणं ही त्याची गरज आहे. साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात पिल्लाचे 28 दुधाचे दात पडून 42 पक्के दात येतात, तेव्हा त्याच्या हिरड्या शिवशिवत असतात. मोठा झालेला कुत्रासुद्धा निवांत बसून काहीतरी चघळत राहिला की शांत होतो. तेव्हा चघळायला द्यावंच. मात्र काय द्यायचं, हे त्याच्या दातांकडे बघून ठरवावं.

एकदा त्याचा ओठ बाजूने हळूच वर करून बघा. वरच्या जबड्यात, डोळ्याच्या बरोबर खाली, एक मोठी दाढ दिसेल. कुत्रा कडक वस्तू तोंडाच्या कोपऱ्यात नेऊन चावतो, ती याच दाढेवर. आपल्यासारखा जबडा आडवा फिरवून त्याला अन्न दळता येत नाही. वरची दाढ खालच्या दाढेच्या बाहेरून कात्रीच्या पात्यासारखी उतरते. मधली वस्तू दबणारी असेल तर ती कापली जाते. दबतच नसेल तर दाढेचीच बाहेरच्या बाजूने ढलपी उडते. दाताचा गाभा उघडा पडतो, जंतू आत शिरतात आणि कधीकधी डोळ्याखाली सूज येते. कुत्रा दुखतंय म्हणून सांगत नाही, तो एका बाजूने खायला लागतो आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. मग रूट कॅनाल करा किंवा दाढ काढून टाका, एवढेच मार्ग उरतात.

म्हणून हरणाचं शिंग, गुरांचे खूर आणि मांड्यांची जाड हाडं कुत्र्याला देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ती पूर्णपणे नैसर्गिक असतात, दिवसचे दिवस टिकतात, हे सगळं खरं. पण इतकी टिकतात, याचाच अर्थ ती झिजत नाहीत. याकच्या दुधाचं कडक चीजही काही वेळा दगडासारखं निघतं, तेव्हा तेही हातात घेऊन तपासावं. पारख सोपी आहे. वस्तूवर अंगठ्याचं नख दाबा, थोडी तरी खूण उमटली पाहिजे. ती आपल्या गुडघ्याच्या वाटीवर आपटली तर लागेल असं वाटत असेल, तर ती दाढेसाठीही कडकच आहे. शिजवलेली हाडं तर कुठल्याच प्राण्याची देऊ नका. त्यांचे टोकदार तुकडे पडतात आणि ते घशाला किंवा आतड्याला इजा करतात.

मग उरतं काय? बरंच काही. बैलाच्या वाळवलेल्या लिंगापासून केलेली बुली स्टिक, गुरांचे कान, स्नायूबंध, वाळवलेली श्वासनलिका, माशाच्या कातडीच्या गुंडाळ्या. हे पदार्थ लाळेने मऊ होतात आणि पोटात पचतात. कच्च्या चामड्याचं, म्हणजे रॉहाइडचं, मात्र तसं नाही. ते सावकाश पचतं, आणि घाईने गिळलेला मोठा तुकडा आतड्यात अडकू शकतो. जो कुत्रा चघळण्याऐवजी तोडून गिळतो, त्याला रॉहाइड देऊच नये.

आता वजनाचं बोलू, कारण याचा हिशोब सहसा कोणी करत नाही. पाच किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 300 ते 400 किलोकॅलरी लागतात. सहा इंची बुली स्टिकमध्ये 50 ते 130 किलोकॅलरी असू शकतात. वरच्या खाऊचा वाटा दिवसाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावा, म्हणजे त्या छोट्या जिवाला अर्धी कांडीसुद्धा कधीकधी जास्तच होते. डुकराचे कान चरबीने भरलेले असतात. ज्याला पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झाला असेल, त्याला ते नकोतच. शिवाय 2019 साली अमेरिकेत डुकराच्या वाळवलेल्या कानांमुळे शंभरहून अधिक माणसांना साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूची लागण झाली होती. म्हणून कुठलाही असा खाऊ हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि लहान मुलांच्या हाती तो देऊ नका.

सगळ्यात जास्त धोका असतो तो शेवटच्या तुकड्याचा. कांडी पुरती संपायच्या आत, बोटभर उरली की कुत्र्याला ती अख्खी गिळावीशी वाटते, आणि नेमकी तेव्हा ती घशाच्या मापाची झालेली असते. ती काढून घ्यायची तर हात घालून ओढू नका. तुम्ही जवळ जाताच तो आणखी जोरात चावू लागला, अंग ताठ झालं, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, तर तो सांगतोय, ‘हे माझं आहे.’ त्याला त्याहून आवडणारं काहीतरी, चिकनचा तुकडा म्हणा, थोड्या अंतरावर दाखवा. कांडी तोंडातून सुटली की चिकन द्या आणि मगच ती उचला. ही अदलाबदल पिल्लूपणापासून खेळीमेळीने शिकवली की पुढे गुरगुरण्याची वेळ सहसा येत नाही. घरात दोन कुत्रे असतील तर त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा, नाहीतर दुसऱ्याने हिसकावू नये म्हणून दोघेही न चावता गिळतात. आणि चघळणं संपेपर्यंत तुम्ही तिथेच बसा. खाऊ देऊन बाहेर निघून जायचं नाही.

तरीही घशात काही अडकलंच, तर कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो, उबळ येते पण बाहेर काही पडत नाही, जीभ निळसर पडू लागते. तोंड उघडून बघा. तुकडा स्पष्ट दिसत असेल तरच चिमटीत धरून काढा. अंदाजाने बोटं घातली तर तो आणखी आत जातो. लहान कुत्र्याचे मागचे पाय वर उचलून डोकं खाली करा आणि लगेच पशुवैद्याकडे निघा. गिळल्यानंतर पुढच्या काही दिवसांत वारंवार उलट्या, खाणं बंद, पोटाला हात लावू न देणं, शी न होणं, यांतलं काही दिसलं तरी थांबू नका. जाताना उरलेला तुकडा आणि पाकीट सोबत न्या. चामड्यासारख्या गोष्टी एक्स-रेमध्ये नीट दिसत नाहीत, त्यामुळे पोटात काय गेलं आहे, हे डॉक्टरांना त्या तुकड्यावरूनच कळेल.

नमस्कार.